एका रात्रीचे दोन अल्बम: किंग क्रिम्झन, ॲमस्टरडॅम, २३ नोव्हेंबर १९७३

मार्च १९७४मध्ये आयलंड रेकॉर्ड्सने किंग क्रिम्झन या ब्रिटिश बँडची ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ ही एलपी बाजारात आणली. आठ ट्रॅक. कुठे टाळी नाही, शिट्टी नाही, ‘लाइव्ह’ असा कुठे उल्लेख नाही. घेणाऱ्यांनी ती स्टुडिओ अल्बम समजूनच घेतली, आणि बँडच्या स्टुडिओ अल्बमांच्या यादीत तिची गणना आजही होते. खरं तर त्या आठांपैकी पूर्णपणे स्टुडिओत वाजवलेल्या रचना दोनच: ‘द ग्रेट डिसीव्हर’ आणि ‘लमेंट’. बाकीचं संगीत, कुठे थोडं तर कुठे सगळंच, १९७३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ग्लासगो, झुरिक आणि ॲमस्टरडॅमच्या रंगमंचांवर लोकांसमोर वाजलेलं आहे. दुसरी बाजू तर अख्खी एकाच रात्रीची आहे: शुक्रवार, २३ नोव्हेंबर १९७३, ॲमस्टरडॅमचं कॉन्सर्टखेबाऊ सभागृह.

१९९७मध्ये त्याच रात्रीची मैफल ‘द नाइट वॉच’ या नावाने दोन सीडींवर आली. या वेळी प्रेक्षकांसकट.

म्हणजे रात्र एक, वाजवणारे चौघे तेच, टेपा त्याच, आणि अल्बम दोन. लाइव्ह अल्बमांवर बोलणं निघालं की आपण आवाजाच्या दर्जावर आणि कुठल्या सोलोची लांबी किती यावर फार वेळ घालवतो. या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. मैफल संपल्यावर टेपेवर जे काम होतं, त्यात वाजवणाऱ्यांपैकी कोण ऐकू येणार आणि कोण नाही हेही ठरतं. या चौघांत सगळ्यात कमी ऐकू आलेला माणूस होता व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस. त्याचा आवाज कुठे टिकला, कुठे पुसला गेला आणि कुठे परत आला, हे पाहत गेलं की ही सगळी हकिकत नीट उलगडते.

कॅसेटवरचा आधीचा प्रयत्न

किंग क्रिम्झन १९६९च्या जानेवारीत लंडनमध्ये सुरू झाला. त्याच वर्षी ५ जुलैला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवून त्यांनी नाव कमावलं, ऑक्टोबरमध्ये पहिला अल्बम आला, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या दौऱ्याअखेरीस मूळ संच फुटलासुद्धा. त्यानंतरच्या काळात गिटारवादक रॉबर्ट फ्रिप तेवढा कायम राहिला. भोवतालची माणसं बदलत गेली.

बँडचा पहिला लाइव्ह अल्बम ‘अर्थबाउंड’ १९७२चा. फ्रिप, बॉझ बरेल, मेल कॉलिन्स आणि इयन वॉलेस या संचाने अमेरिकेच्या दौऱ्यात वाजवलेलं संगीत मिक्सरमधून थेट एका अँपेक्स स्टिरिओ कॅसेटवर घेतलेलं होतं. कॅसेटवर घेतल्यावर सगळा आवाज एकत्र गुंडाळला जातो. नंतर ड्रम्स कमी करू, सॅक्सोफोन पुढे आणू म्हटलं तर काही करता येत नाही. जे आलं ते आलं. आयलंडने इंग्लंडमध्ये हा अल्बम कमी किमतीच्या मालिकेत काढला. अमेरिकेत बँडची कंपनी अटलांटिक होती. तिने ध्वनिमुद्रणाचा दर्जा पाहून तो काढायलाच नकार दिला. मला स्वतःला ‘अर्थबाउंड’चा तो फाटका, आक्रमक आवाज आवडतो, त्या संचाचा तापटपणा त्यात शिल्लक आहे. पण संपादनाला तिथे काही वावच नव्हता, एवढं मान्य करावं लागतं.

चौघांचा संच आणि त्यातली अडचण

१९७२च्या मध्यावर फ्रिपने नवा संच बांधला. ‘यस’सारखा यशाच्या शिखरावर असलेला बँड सोडून ड्रमर बिल ब्रूफर्ड आला. ‘फॅमिली’ या बँडमधून बास वाजवणारा आणि गाणारा जॉन वेटन आला. व्हायोलिन, व्हायोला आणि मेलोट्रॉन या टेपांवर चालणाऱ्या कीबोर्डवर डेव्हिड क्रॉस, आणि तऱ्हेतऱ्हेच्या तालवाद्यांवर जेमी म्यूर. या पाच जणांनी ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’ हा अल्बम केला. तो १९७३च्या मार्चमध्ये येईपर्यंत म्यूर बँड सोडून गेला होता. पुढे तो स्कॉटलंडमधल्या सम्ये लिंग या बौद्ध मठात राहिला. उरले चौघे, आणि ते वर्षभर दौऱ्यावर होते.

या संचाचं वैशिष्ट्य म्हणजे मैफलीत ठरलेल्या रचनांच्या मधे संपूर्ण उत्स्फूर्त वादन. इथे ठरलेल्या स्वरचौकटीवर कुणी सोलो घेत नसे. आधी काहीच ठरलेलं नसताना चौघे सुरुवात करत आणि कुठे पोचायचं ते वाजवता वाजवता सापडत असे. त्या काळच्या प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकमध्ये, ही रीत दुर्मीळ होती. १९७३-७४मधले गाजलेले लाइव्ह अल्बम बघा: ‘यस’चा तीन एलपींचा ‘यससाँग्ज’, ‘जेनेसिस लाइव्ह’, इमर्सन, लेक अँड पामरचा आणखी एक तीन एलपींचा संच. या सगळ्यांत श्रोत्याला आधीच माहीत असलेल्या स्टुडिओ रचना रंगमंचावर किती बिनचूक आणि किती भव्य वाजतात ते दाखवलेलं आहे. (‘यससाँग्ज’मध्ये काही ठिकाणी ड्रम्सवर ब्रूफर्डच आहे.) क्रिम्झनमध्ये उलट होतं. त्यांचं नवीन संगीत जन्मालाच रंगमंचावर येत होतं, स्टुडिओचा नंबर नंतर.

अडचण आवाजाच्या पातळीची होती. वेटनचा बास प्रचंड मोठा आणि खरखरीत, ब्रूफर्डचे ड्रम्स तुटक, धारदार, सतत अंगावर येणारे. या जोडीला फ्रिपने ‘उडती विटांची भिंत’ म्हटल्याचं प्रसिद्ध आहे. अशा भिंतीपुढे व्हायोलिन हे मुळातच लहान अंगाचं वाद्य. विजेवर आवाज वाढवायला गेलं की त्याचा लाकडी गोडवा जातो, नाही वाढवला तर ते ऐकूच येत नाही. १९७३ ते ७४ जसजसा बँड अधिक जोरकस होत गेला, तसतसं क्रॉसला स्वतःचा आवाज राखणं कठीण होत गेलं.

कॉन्सर्टखेबाऊमधली रात्र

कॉन्सर्टखेबाऊ १८८८ साली उघडलेलं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी जगातल्या उत्तम सभागृहांत त्याचं नाव घेतलं जातं. त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला राइक्सम्यूझियम आहे आणि तिथे रेम्ब्राँटचं १६४२चं ‘द नाइट वॉच’ हे भलंमोठं चित्र. त्या रात्री बँडने वाजवलेल्या गाण्यांत याच चित्रावरचं, याच नावाचं गाणं होतं. शब्द रिचर्ड पामर-जेम्सचे. तो जर्मनीत राहून बँडला गाणी लिहून पाठवायचा. ज्या चित्रावर गाणं आहे ते चित्र चालत जाण्याच्या अंतरावर, आणि वाजवण्याची जागा ही. त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण तिथेच साधलं असतं तर किती बरं झालं असतं!

ते साधलं नाही. गाण्याची सुरुवात झाली आणि पुढच्या भागात मेलोट्रॉन बिघडला.

मेलोट्रॉन कसा चालतो हे इथे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे त्याचं काम आहे. दिसायला तो ऑर्गनसारखा. क्रिम्झनच्या काळात प्रचलित असलेल्या एम ४०० या मॉडेलला ३५ पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली टेपेचा एक स्वतंत्र तुकडा ताणलेला, आणि त्याच्यावर कुणीतरी कधीतरी प्रत्यक्ष वाजवलेला एक सूर मुद्रित केलेला: बासरीचा, व्हायोलिनच्या ताफ्याचा, कोरसचा. पट्टी दाबली की रबरी रोलर टेपेला ओढतो, टेप हेडवरून सरकते आणि तो सूर ऐकू येतो, साधारण ८ सेकंद. मग टेप संपते. पट्टी सोडली की स्प्रिंगच्या जोरावर टेप मागे जाते, आणि नंतरच तो सूर पुन्हा घेता येतो. विजेचा दाब कमीजास्त झाला, हवा दमट झाली, प्रवासात धक्के बसले की सूर हलतात, टेपा अडकतात. रोज नव्या गावात वाजवणाऱ्या बँडसाठी हे वाद्य म्हणजे कायमची टांगती तलवार.

तर ‘द नाइट वॉच’ची तेवढी सुरुवात ॲमस्टरडॅमची ठेवली गेली आणि पुढचं गाणं नंतर स्टुडिओत मुद्रित करून तिला जोडलं गेलं. एलपीवर हा सांधा कळत नाही. ठाऊक झाल्यावर मात्र मी प्रत्येक वेळी तो शोधत ऐकतो, आणि प्रत्येक वेळी गाण्याच्या ओघात तो निसटतो. इतकं सफाईदार काम आहे ते.

त्याच रात्री आणखी तीन गोष्टी घडल्या आणि त्या तीनही एलपीवर आल्या. एक, ‘फ्रॅक्चर’. ही फ्रिपने नोटेनोटेने लिहिलेली, ११ मिनिटांहून थोडी लांब रचना. तिच्या मधल्या भागात गिटारवर सलग, न थांबता, हळू आवाजात धावणाऱ्या सुरांची एक माळ आहे. ती वाजवताना उजव्या हाताला क्षणाचीही उसंत नाही. अशी रचना कुणीही शहाणा माणूस स्टुडिओत तुकड्यातुकड्याने मुद्रित करेल. क्रिम्झनने ती सभागृहात, एका दमात वाजवलेली ठेवली. दोन, ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ हे सुमारे ९ मिनिटांचं उत्स्फूर्त वादन, ज्यावरून अल्बमला नाव मिळालं. आणि तीन, ‘ट्रिओ’.

ब्रूफर्डने काहीच वाजवलं नाही

‘ट्रिओ’ सुरू होते तेव्हा क्रॉसचं व्हायोलिन जवळजवळ ऐकू येणार नाही इतकं हळू आहे. मग फ्रिप मेलोट्रॉनवर बासरीचे सूर धरतो आणि वेटनचा बास, या एकाच जागी, खरोखर मृदू होतो. तिघे एक संथ, गोड, थोडी उदास चाल तिथल्या तिथे घडवत जातात. आधी काही लिहिलेलं नाही. कुणीही घाई करत नाही. मेलोट्रॉनच्या त्या ८ सेकंदांमुळे बासरीला दीर्घ श्वास घेता येत नाही. सूर धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. व्हायोलिनचे गजाचे लांब फटकारे या तुटकपणावरून अलगद पुढे जातात. आणि विचार केला तर त्या रात्री ऐकू येणारी बासरी ही स्वतःच एक जुनं ध्वनिमुद्रण होती: दुसऱ्याच कुणी वाजवलेली बासरी, टेपेवर साठवलेली, कॉन्सर्टखेबाऊमध्ये एका जिवंत व्हायोलिनला साथ देत होती.

ब्रूफर्ड हा सगळा वेळ ड्रमच्या काठ्या छातीवर आडव्या धरून बसून राहिला. त्याला प्रवेश करायला जागा होती. तो थांबला. अल्बमवर ‘ट्रिओ’चं श्रेय चौघांच्या नावे आहे, ब्रूफर्डच्याही. न वाजवणं हा त्याचा निर्णय त्या रचनेला घडवणारा होता, असं बाकीच्या तिघांनी मानलं. संगीताच्या श्रेयनामावलीत इतकी न्याय्य नोंद माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

या एका निर्णयामुळे क्रॉस ऐकू आला. भिंत बाजूला झाली आणि व्हायोलिन पूर्ण लांबीरुंदीने, स्वतःच्या खऱ्या आवाजात उभं राहिलं. पण तो निर्णय टेपेवर नुसता असून भागत नाही. ती टेप एलपीवर घेणाराही कुणी लागतो.

एअर स्टुडिओतला जानेवारी

१९७४च्या जानेवारीत बँड लंडनच्या एअर स्टुडिओत आला. हा बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याचा ऑक्सफर्ड सर्कसजवळचा स्टुडिओ. ध्वनिमुद्रणावर अभियंता म्हणून जॉर्ज चकियांट्झ होता. वर्षभराच्या दौऱ्यानंतर हातात लिहिलेली गाणी थोडी आणि टेपा भरपूर, अशी स्थिती. दोन गाणी त्यांनी नव्याने मुद्रित केली, ‘द नाइट वॉच’ पूर्ण केलं, आणि उरलेला अल्बम रंगमंचावरच्या टेपांतून बांधला.

मल्टीट्रॅक टेपेवर प्रत्येक वाद्य आपापल्या ट्रॅकवर असतं, त्यामुळे मिक्सिंग करताना प्रेक्षकांच्या बाजूचा माइक घ्यायचाच नाही असं ठरवता येतं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टाळ्या ब्लेडने कापून टाकता येतात. तरीही सभागृह पूर्णपणे पुसलं जात नाही. ड्रम्ससमोरचे माइक, अँप्लिफायरसमोरचे माइक हे त्या जागेची हवाही पकडतात. हेडफोन लावून ‘द ग्रेट डिसीव्हर’ आणि ‘फ्रॅक्चर’ पाठोपाठ ऐकलं तर फरक जाणवतो. पहिल्यात आवाज अंगाशी बिलगलेला, दुसऱ्यात ड्रम्सच्या मागे मोठी मोकळी जागा.

ग्लासगोतल्या २३ ऑक्टोबरच्या उत्स्फूर्त वादनाचा एक तुकडा ‘वी’ल लेट यू नो’ म्हणून घेतला. झुरिकमधल्या १५ नोव्हेंबरच्या एका लांब उत्स्फूर्त वादनातला मधला भाग उचलला, त्यावर वेटनने स्टुडिओत गायन चढवलं, आणि ते झालं ‘द मिन्सर’. ही रचना मधेच, तोंडातला शब्द तोंडात राहावा तशी संपते. १९९२मध्ये ‘द ग्रेट डिसीव्हर’ हा चार सीडींचा संच आला तेव्हा झुरिकच्या त्या वादनाच्या आधीचा आणि नंतरचा भाग वेगळ्या नावाने, पहिला आणि दुसरा असे दोन भाग करून ऐकायला मिळाले. मधला भाग गायब, कारण तो १८ वर्षांपूर्वीच दुसऱ्या अल्बमवर गेलेला. त्या दोन सीडी-ट्रॅकांच्या मधे एलपीवरची ‘द मिन्सर’ लावली की एक मैफल जुळते.

प्रेक्षक काढून टाकणं योग्य होतं का? आपल्याकडच्या खासगी मैफलींच्या टेपांवर वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. तिथे ‘क्या बात है’ पुसून टाकली तर पुढची तान का आली हेच कळणार नाही, कारण गवई त्या दादेला उत्तर देत असतो. क्रिम्झनच्या मैफलीत ते नातं तसं नव्हतं. चौघांचं लक्ष एकमेकांकडे होतं, टाळ्या शेवटी यायच्या. त्यामुळे टाळ्या काढून टाकल्या तरी वादनाला इजा होत नाही, आणि बदल्यात मोठी गोष्ट साधते. टाळ्यांसकट आलेली ‘ट्रिओ’ ही ‘मैफलीतला एक शांत प्रसंग’ म्हणून ऐकली गेली असती. टाळ्यांशिवाय ती एक रचना म्हणून ऐकावी लागते, ‘लमेंट’ किंवा ‘फ्रॅक्चर’इतकीच पक्की. उत्स्फूर्त वादनाला बंदिशीच्या पंक्तीला बसवण्याचं काम त्या ब्लेडने केलं. म्हणून १९७४चा निर्णय माझ्या मते बरोबर होता, आणि धाडसाचाही.

तीच कात्री, वेगळा हात

पुढे याच साधनाने उलटं काम केलं. १९७४च्या उन्हाळ्यात बँड अमेरिकेत होता. २८ जूनला न्यू जर्सीतल्या ॲस्बरी पार्कला, ३० जूनला प्रॉव्हिडन्सला मैफल झाली, आणि १ जुलैला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शेवटची. ती क्रॉसचीही शेवटची ठरली. पुढचा अल्बम ‘रेड’ फ्रिप, वेटन आणि ब्रूफर्ड या तिघांनी पाहुण्या वादकांना घेऊन केला. क्रॉस त्यात आहे तो ‘प्रॉव्हिडन्स’ या एकाच ट्रॅकवर, आणि तो ट्रॅक म्हणजे ३० जूनच्या मैफलीतलं उत्स्फूर्त वादन. ‘स्टारलेस’ हे त्या अल्बमवरचं गाणं दौऱ्यात वाजत असताना त्याची सुरुवातीची चाल क्रॉस व्हायोलिनवर वाजवायचा. ‘रेड’वर ती फ्रिपच्या गिटारवर आहे. लाखो लोक ती चाल गिटारचीच म्हणून ओळखतात.

सप्टेंबरमध्ये फ्रिपने बँड संपल्याचं जाहीर केलं. १९७५मध्ये ‘यूएसए’ हा लाइव्ह अल्बम आला, मुख्यतः ॲस्बरी पार्कच्या टेपांवरून. या अल्बमसाठी एडी जॉबसनने स्टुडिओत काही ठिकाणी व्हायोलिन आणि एका गाण्यात इलेक्ट्रिक पियानो वाजवून मूळ मुद्रणावर चढवलं. जॉबसन हा अव्वल वादक. त्याच्या वाजवण्यात उणं काढण्यासारखं काही नाही. पण ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक, भाग दोन’मध्ये जे व्हायोलिन ऐकू येतं ते त्या रात्री त्या रंगमंचावर नव्हतं. टाळ्या मात्र ठेवलेल्या आहेत. म्हणजे ‘लाइव्ह’ म्हणून विकलेल्या अल्बमवर वादक बदललेला, आणि ‘स्टुडिओ’ म्हणून विकलेल्या अल्बमवर एकही सूर न बदललेली ‘ट्रिओ’. या दोनपैकी मैफलीशी जास्त इमान कुणी राखलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

टेपा कुणाच्या

मधल्या काळात ॲमस्टरडॅमची मैफल चोरट्या रेकॉर्ड्सवर फिरत राहिली. क्रिम्झनच्या चाहत्यांमध्ये बूटलेगांची मोठी उलाढाल होती आणि फ्रिपला तिचा मनापासून तिटकारा. मैफलीत टेपरेकॉर्डर आणि कॅमेरा आणण्याला त्याने आयुष्यभर विरोध केला. त्याच्या मते वादक आणि श्रोता यांच्यात त्या खोलीत जे घडतं त्यात तिसऱ्याची नजर आली की ते बिघडतं. हे मत मला टोकाचं वाटतं. त्या चोरट्या टेपा नसत्या तर या संचाची कीर्ती वीस वर्षं टिकली नसती.

त्याहून मोठा झगडा अधिकृत कागदपत्रांचा होता. बँडचं व्यवस्थापन आणि पुढे ध्वनिमुद्रणांचे हक्क ईजी या कंपनीकडे होते, आणि त्या हक्कांवरून फ्रिपला दीर्घकाळ लढावं लागलं. १९९२मध्ये त्याने निर्माता डेव्हिड सिंगलटनबरोबर डिसिप्लिन ग्लोबल मोबाइल, म्हणजे डीजीएम, ही स्वतःची कंपनी काढली. तिचं एक ठरलेलं तत्त्व असं की ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क कलाकाराकडेच राहील. कपाटातल्या जुन्या टेपा पद्धतशीरपणे बाहेर यायला लागल्या त्या इथून. १९९७मध्ये १९६९च्या मैफलींचा ‘एपिटाफ’ आला आणि त्याच वर्षी ‘द नाइट वॉच’. १९९८मध्ये ‘कलेक्टर्स क्लब’ सुरू झाला, वर्गणीदारांना ठरावीक काळाने एकेक जुनी मैफल. त्यातल्या काहींचा स्रोत चाहत्यांच्या चोरट्या टेपाच होत्या. ज्यांना विरोध केला त्यांचीच टेप साफसूफ करून, वादकांना पैसे मिळतील अशा रीतीने परत विकली गेली. २००५पासून मैफली इंटरनेटवरून उतरवून घेता येऊ लागल्या.

यात एक फायदा क्रॉसचा झाला. ॲस्बरी पार्कच्या मैफलीचं मूळ मुद्रण, जॉबसनचं वरून चढवलेलं वादन काढून, क्रॉसच्या स्वतःच्या व्हायोलिनसह डीजीएमने बाहेर आणलं.

परत आलेले प्रेक्षक

आता ‘द नाइट वॉच’. ‘इझी मनी’पासून सुरू होऊन ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’वर संपणारी मैफल, मधे ‘लमेंट’, ‘बुक ऑफ सॅटर्डे’, ‘फ्रॅक्चर’, ‘द नाइट वॉच’, आणि तीन उत्स्फूर्त वादनं. १९७४च्या एलपीने ज्या गोष्टी एकट्या उभ्या केल्या होत्या त्यांना इथे शेजारपाजार मिळतो, आणि त्यांचा अर्थ थोडा बदलतो.

‘ट्रिओ’ दुसऱ्या सीडीच्या तोंडाशी आहे आणि तिच्यामागोमाग ‘एक्झाइल्स’ येते. ‘एक्झाइल्स’ची मुख्य चाल व्हायोलिनचीच. म्हणजे त्या रात्री क्रॉसला सलग बारा-तेरा मिनिटांचा अवकाश मिळाला, ज्यात तो बँडचा केंद्रबिंदू होता. एलपीवरून हे कळायला काही मार्गच नव्हता. आणि त्यानंतर ‘द टॉकिंग ड्रम’मधून बँड ‘लार्क्स टंग्ज, भाग दोन’कडे चढत जातो तेव्हा तीच भिंत परत उभी राहते. व्हायोलिन आधी झगडतं, मग किंचाळतं, मग गर्दीत मिसळून जातं. आठ महिन्यांनी क्रॉस या बँडमध्ये का नसणार याचं उत्तर त्या चढणीत ऐकू येतं. हे ऐकायला त्रास होतो. पण १९९७चा अल्बम मला मोलाचा वाटतो तो याच कारणाने: एलपीने त्या रात्रीतलं सर्वोत्तम निवडलं, सीडींनी त्या रात्रीची किंमत दाखवली.

नंतर या काळाच्या ध्वनिमुद्रणांचा पूरच आला. २०११मध्ये स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने मूळ मल्टीट्रॅकवरून ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’चं नवं मिक्स केलं. २०१४मध्ये ‘स्टारलेस’ नावाचा २७ तबकड्यांचा संच आला. ग्लासगो, झुरिक, ॲमस्टरडॅम, सगळं त्यात आहे. अभ्यास करणाऱ्याला तो खजिना आहे. पण नव्याने ऐकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये असं मी आग्रहाने सांगेन. २७ तबकड्यांत निवड कुणीच केलेली नसते, आणि निवडीशिवाय ‘ट्रिओ’ पुन्हा कुठल्यातरी एका संध्याकाळचा एक प्रसंग होऊन बसते.

फ्रिपने मात्र १९७४ची युक्ती सोडली नाही. २०१४ ते २०२१ या काळातल्या क्रिम्झनने, ज्यात रंगमंचाच्या पुढच्या रांगेत तीन ड्रमर बसत, एकही स्टुडिओ अल्बम केला नाही. २०१६च्या ‘रॅडिकल ॲक्शन’मध्ये दौऱ्यातल्या, मुख्यतः जपानमधल्या, वादनातून प्रेक्षकांचा आवाज काढून टाकून ते स्टुडिओ अल्बमासारखं सादर केलं. त्यात सॅक्सोफोन वाजवणारा मेल कॉलिन्स, तोच, ‘अर्थबाउंड’च्या कॅसेटवरचा.

क्रॉस आणि फ्रिप यांचा ‘स्टारलेस स्टारलाइट’ हा अल्बम २०१५मध्ये आला. ‘स्टारलेस’ची ती चाल त्यात व्हायोलिनवर आहे.

ऐकायचं असेल तर माझा सल्ला असा. आधी १९७४च्या अल्बमची पहिली बाजू ‘ट्रिओ’पर्यंत, मोठ्या आवाजात नको, रात्री. दुसऱ्या दिवशी ‘द नाइट वॉच’ची दुसरी सीडी पहिल्यापासून ‘लार्क्स टंग्ज’ संपेपर्यंत, मधे न थांबता. मग ‘यूएसए’वरचं ‘लार्क्स टंग्ज’, आणि लगेच ॲस्बरी पार्कच्या मूळ मुद्रणावरचं तेच. शेवटच्या दोनांत ड्रम्स, बास, गिटार अगदी सारखेच आहेत. कान फक्त व्हायोलिनवर ठेवा.